कंबोडियाची खुर्ची : परकीय सैन्याने बसवलेल्या सरकारच्या मान्यतेचा एक प्रकरण अभ्यास

२१ सप्टेंबर १९७९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कंबोडियाच्या जागेवर पोल पॉट राजवटीच्या प्रतिनिधींनाच बसू द्यावे, असा निर्णय ७१ विरुद्ध ३५ मतांनी घेतला. ३४ देश तटस्थ राहिले. ज्या राजवटीला ही खुर्ची मिळाली, तिला राजधानी सोडून आठ महिने होऊन गेले होते आणि तिच्या हाती थायलंडच्या सीमेलगतचा डोंगराळ, जंगली पट्टा तेवढा उरला होता. तिच्या पावणेचार वर्षांच्या कारभारात उपासमार, सक्तीची मजुरी, रोगराई आणि उघड कत्तल यांत सुमारे १५ ते २० लाख माणसे, म्हणजे देशातील दर चार-पाच माणसांमागे एक, मृत्युमुखी पडली होती. नॉम पेन्हमध्ये प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या सरकारला मात्र ती खुर्ची नाकारण्यात आली, कारण ते व्हिएतनामच्या सैन्याने आणून बसवलेले होते.

पुण्यात नव्या पेठेतील एका अभ्यासिकेत राज्यशास्त्राच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांबरोबर मी आंतरराष्ट्रीय कायद्याचा छोटा अभ्यासवर्ग घेतो. हे प्रकरण आम्ही दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी वर्गाचे दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणणे असे की, शेजारच्या देशाने रणगाडे घालून सरकार बदलले आणि जगाने ते मान्य केले, तर उद्या कोणताही लहान देश सुरक्षित राहणार नाही. दुसरी बाजू विचारते, "सर, पण म्हणून पोल पॉटला खुर्ची?" दोन्ही बाजू बरोबर आहेत आणि या प्रकरणाची अवघड जागा नेमकी तीच आहे. माझे मत असे की, येथे दोन वेगळे प्रश्न जगाने एकाच मतदानात बांधले. नवे सरकार बेकायदा मार्गाने आले काय, हा पहिला प्रश्न. आणि जुने सरकार अजूनही त्या देशाचे प्रतिनिधी म्हणवून घेण्यास पात्र आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'होय' आले की दुसऱ्याचेही आपोआप 'होय' येते, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नव्हते.

घटनाक्रम

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज, म्हणजे पोल पॉटच्या कंबोडियन साम्यवाद्यांचे सैन्य, राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरले आणि काही दिवसांतच त्याने शहरे रिकामी केली. १९७७ पासून या राजवटीच्या तुकड्या व्हिएतनामच्या सीमावर्ती गावांवर हल्ले करू लागल्या. एप्रिल १९७८ मध्ये बा चुक या गावात तीन हजारांहून अधिक नागरिक मारले गेले. २ डिसेंबर १९७८ रोजी, राजवटीतून फुटून व्हिएतनामच्या आश्रयाला गेलेल्या कंबोडियन लोकांची एक 'राष्ट्रमुक्ती आघाडी' जाहीर झाली. हेंग सामरिन तिचे प्रमुख होते आणि ते स्वतः ख्मेर रूजच्या पूर्व विभागातील लष्करी अधिकारी राहिलेले होते. २५ डिसेंबरला व्हिएतनामी सैन्याने पूर्ण ताकदीने चढाई केली, ७ जानेवारी १९७९ रोजी नॉम पेन्ह पडले आणि त्यानंतर काही दिवसांतच 'कंपुचिया जनप्रजासत्ताका'ची घोषणा झाली. परराष्ट्रमंत्रिपद हुन सेन या २६ वर्षांच्या तरुणाकडे आले.

१८ फेब्रुवारी १९७९ रोजी व्हिएतनाम आणि नवे कंबोडियन सरकार यांच्यात मैत्रीचा करार झाला आणि व्हिएतनामी सैन्याच्या वास्तव्याला त्यातून कायदेशीर आधार देण्यात आला. आधी सैन्य आले, मग सरकार आले आणि मग त्या सरकारने सैन्याला राहण्याचे निमंत्रण दिले, हा क्रम या प्रकरणाच्या वाचकाने शेवटपर्यंत विसरू नये. कराराच्या आदल्याच दिवशी चीनने व्हिएतनामवर हल्ला चढवला होता. भारताचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी त्या वेळी चीनच्या दौऱ्यावर होते आणि तो दौरा अर्धवट सोडून ते परतले. कंबोडियाचा प्रश्न दिल्लीच्या दारात येऊन उभा राहिला तो असा.

मान्यता म्हणजे काय दिले जाते

विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा घोटाळा राज्याची मान्यता आणि सरकारची मान्यता यांत होतो. कंबोडिया हे राज्य अस्तित्वात आहे, याबद्दल १९७९ मध्ये कोणालाच शंका नव्हती. त्या राज्याच्या वतीने बोलायचे कोणी, एवढाच वाद होता. सरकारला मान्यता मिळाली की दूतावास उघडता येतो, परदेशी बँकांत अडकलेल्या सरकारी ठेवींवर हक्क सांगता येतो, करार करता येतात आणि परदेशी न्यायालयात त्या देशाचे म्हणणे मांडता येते.

ही मान्यता कोणत्या कसोटीवर द्यायची, याचे दोन जुने प्रवाह आहेत. १९०७ मध्ये इक्वेडोरचे कार्लोस टोबार यांनी मांडले की, घटनाबाह्य मार्गाने आलेल्या सरकारला मान्यताच देऊ नये. १९३० मध्ये मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री हेनारो एस्त्रादा यांनी उलट भूमिका घेतली : परक्या सरकारच्या वैधतेचा निवाडा करणे हाच त्या देशाचा अवमान आहे, म्हणून आपण केवळ राजदूत ठेवावा किंवा परत बोलवावा, मान्यतेची भाषाच करू नये. या दोन टोकांच्या मध्ये व्यवहारात टिकली ती प्रत्यक्ष ताब्याची कसोटी. कोस्टा रिकातील टिनोको राजवटीसंबंधीच्या १९२३ च्या लवादात विल्यम टाफ्ट यांनी सांगितले की, ज्या सरकारचा देशावर खरोखर ताबा होता, त्याची कृत्ये त्या राज्याला बांधील धरतात; इतर देशांनी त्याला मान्यता दिली होती की नाही, हा दुय्यम पुरावा आहे.

टिनोको हा मात्र आपल्याच देशातल्या बंडाने सत्तेवर आलेला माणूस होता. ताबा परक्या सैन्याने मिळवून दिलेला असेल तर काय, या प्रश्नाला १९३२ मध्ये मांचुरियाच्या निमित्ताने उत्तर मिळाले. जपानी सैन्याने तेथे 'मांचुकुओ' नावाचे राज्य उभे केले, तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी बळाने घडवलेली स्थिती मान्य करणार नाही असे जाहीर केले, आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये राष्ट्रसंघाने ४२ विरुद्ध १ मताने तीच भूमिका घेतली. ते एक मत जपानचे होते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या दुसऱ्या कलमातील चौथ्या उपकलमाने बळाच्या वापरावर सरसकट बंदी घातली. त्यामुळे १९७९ मध्ये नॉम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता नाकारण्याला भक्कम आधार होता, हे मी विद्यार्थ्यांना आधी कबूल करायला लावतो. व्हिएतनामला सीमेवरच्या हल्ल्यांविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क होता. पण सीमेवरचा हल्ला परतवणे वेगळे आणि राजधानी घेऊन तेथे दहा वर्षे सैन्य ठेवणे वेगळे.

आणखी एक गोष्ट आज आश्चर्याची वाटेल. व्हिएतनामने आपण कंबोडियन जनतेला नरसंहारातून सोडवण्यासाठी गेलो, असा कायदेशीर दावा त्या वेळी केलाच नाही. त्याचे अधिकृत म्हणणे असे होते की, सीमेवरचे युद्ध एक आणि कंबोडियन जनतेने स्वतः केलेला उठाव दुसरा. पोल पॉटला जनतेने आणि आघाडीने हाकलले. हे म्हणणे कोणालाच पटण्यासारखे नव्हते. मानवतेच्या कारणासाठी हस्तक्षेप केला असे म्हटले असते, तर निदान तो युक्तिवाद सर्वांसमोर तपासला गेला असता. सुरक्षा परिषदेत जानेवारी १९७९ मध्ये परकीय सैन्याच्या माघारीचा ठराव आला, तेव्हा १३ सदस्य बाजूने होते. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो पडला.

मतदानाच्या दिवशी

आमसभेत कोण बसणार, हे ठरवण्यासाठी दरवर्षी नऊ सदस्यांची अधिकारपत्र समिती नेमली जाते. १९७९ च्या समितीने सहा विरुद्ध तीन मतांनी पोल पॉटच्या प्रतिनिधींची अधिकारपत्रे ग्राह्य धरली. बाजूने बेल्जियम, चीन, इक्वेडोर, पाकिस्तान, सेनेगल आणि अमेरिका; विरोधात काँगो, पनामा आणि सोव्हिएत संघ. अमेरिकेने स्पष्टीकरण दिले की, हे मत तांत्रिक आहे, त्याचा अर्थ त्या राजवटीला पाठिंबा असा होत नाही. युक्तिवाद असा : आधीच्या वर्षी याच सरकारची अधिकारपत्रे ग्राह्य धरली होती, त्याहून सरस दावा असलेले दुसरे सरकार समोर नाही, म्हणून जुनेच चालू ठेवावे.

मला हा युक्तिवाद प्रामाणिक वाटत नाही. 'सरस दावा नाही' एवढे खरे मानले, तरी त्यातून 'जुना दावा टिकतो' असे निघत नाही. दोन्ही दावे एकाच वेळी अपुरे असू शकतात. घरात घुसखोर बसला आहे, म्हणून घरातल्या माणसांचा जीव घेणाऱ्या पूर्वीच्या कारभाऱ्याच्या नावावर सातबारा राहू द्यावा, असे आपल्याकडचा कोणताही तलाठी म्हणणार नाही. शिवाय तिसरा मार्ग लोकांसमोर उघडा होता. त्याच महिन्यात हवाना येथील अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत कंबोडियाची खुर्ची रिकामी ठेवण्यात आली होती. न्यूयॉर्कला भारताने तीच सूचना आमसभेपुढे मांडली, परंतु आमसभेने ती मताला टाकू दिली नाही. रिकामी खुर्ची ठेवण्याचा अर्थ असा झाला असता की, व्हिएतनामच्या चढाईला आम्ही बक्षीस देत नाही आणि कत्तल करणाऱ्यालाही कंबोडियन जनतेच्या नावाने बोलू देत नाही. माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत नेमकी कायदेशीर भूमिका तीच होती, आणि ती आपल्या देशाने मांडली होती, हे मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असते.

तत्त्वाचा प्रश्न खरोखर तत्त्वाचा होता काय, हे पाहण्यासाठी त्याच वर्षातील आणखी दोन घटना शेजारी ठेवाव्या लागतात. एप्रिल १९७९ मध्ये टांझानियाच्या सैन्याने युगांडाच्या निर्वासित लढवय्यांसह कंपाला घेतले, इदी अमीन पळाला आणि युसुफ लुले यांचे सरकार बसले; त्याला भराभर मान्यता मिळाली आणि युगांडाच्या खुर्चीवरून न्यूयॉर्कमध्ये वाद झाला नाही. दुसरी घटना तर तारखेमुळेच अंगावर येते. २० सप्टेंबरच्या रात्री फ्रेंच सैनिक बांगी येथे उतरले, सम्राट म्हणवून घेणाऱ्या बोकासाला त्यांनी पदच्युत केले आणि आपल्याबरोबर आणलेल्या डेव्हिड डाको यांना मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या अध्यक्षपदावर बसवले. म्हणजे परकीय हस्तक्षेपाचे फळ मान्य करायचे नाही या तत्त्वावर आमसभा ज्या दिवशी मतदान करत होती, त्याच दिवशी फ्रेंच विमानातून आलेले सरकार बांगीत कामाला लागले होते, आणि त्याच्या हक्काबद्दल असा प्रश्न कोणी विचारला नाही. फरक कायद्यात नव्हता. कंबोडिया चीन आणि सोव्हिएत संघ यांच्या भांडणाच्या रेषेवर होता, आणि थायलंडच्या सीमेवर व्हिएतनामी रणगाडे आल्यामुळे आसियान या आग्नेय आशियाई संघटनेतले देश खरोखर घाबरलेले होते. त्यांची भीती खोटी नव्हती, हेही नोंदवले पाहिजे.

शनिवारवाड्यापासून पाहताना

येथे वर्गातली एखादी विद्यार्थिनी हमखास वसईच्या तहाचा विषय काढते, आणि तो काढावा असाच आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, दुसरा बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला आणि पुण्यात अमृतरावांचे चिरंजीव विनायकराव यांना पेशवेपदासाठी पुढे करण्यात आले. ३१ डिसेंबरला बाजीरावाने वसईस इंग्रजांशी तह केला. सहा पलटणी कायमच्या ठेवून घेण्याचे आणि त्यांच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख देण्याचे त्यात कबूल केले. एप्रिल १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली पुण्यात आला आणि १३ मे रोजी बाजीराव पुन्हा गादीवर बसला. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांनी हा तह मानला नाही, आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली.

तुलना उपयोगी आहे, पण ती जशीच्या तशी लावता येत नाही. बाजीरावाचा हक्क इंग्रज सैन्य येण्याआधीचा होता आणि तह त्याने सैन्य येण्यापूर्वी केला. हेंग सामरिन यांचा हक्क सैन्याबरोबरच सीमा ओलांडून आला आणि करार नंतर झाला. कागदावर बाजीरावाची बाजू बरीच बरी दिसते. तरीही शिंदे-भोसल्यांचा आक्षेप चुकीचा म्हणता येणार नाही, कारण पेशवा गादीवर होता पण गादी त्याची उरली नव्हती. पलटणी काढून घेतल्या असत्या तर तो पुण्यात किती दिवस टिकला असता, हा खरा प्रश्न होता. मान्यतेच्या कायद्यात ज्याला स्वतंत्र ताबा म्हणतात, त्याची परीक्षा यापेक्षा सोप्या शब्दांत मला सांगता येत नाही. १९७९-८० मध्ये कंबोडियात सुमारे दीड ते दोन लाख व्हिएतनामी सैनिक होते. ते परत गेले असते तर नॉम पेन्हचे सरकार टिकले नसते, असे त्या वेळी जवळजवळ सर्वांचे मत होते.

दिल्लीचा निर्णय आणि त्याची किंमत

जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. ७ जुलै १९८० रोजी परराष्ट्रमंत्री पी. व्ही. नरसिंह राव यांनी लोकसभेत हेंग सामरिन सरकारला मान्यता दिल्याचे जाहीर केले. (राव यांचे शिक्षण काही काळ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले होते, आणि मराठी त्यांना उत्तम येत होती.) साम्यवादी गटाबाहेरचा हे पाऊल उचलणारा भारत हा पहिला मोठा देश. ब्रिटनने डिसेंबर १९७९ मध्ये पोल पॉटच्या सरकारची मान्यता काढून घेतली, पण नव्या सरकारला ती दिली नाही. एवढेच नव्हे, तर एप्रिल १९८० मध्ये यापुढे सरकारांना मान्यता देण्याची औपचारिक पद्धतच बंद करत असल्याचे सांगितले. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी १९८१ मध्ये जुन्या सरकारची मान्यता काढली आणि जागा मोकळी ठेवली.

भारताच्या निर्णयामागे पोल पॉटविषयीची घृणा होती, व्हिएतनामशी जुना स्नेह होता, सोव्हिएत संघाशी १९७१ चा करार होता आणि चीनविषयीचा अविश्वास होता. यांपैकी कोणतेही कारण लपवण्यासारखे नाही. पण प्रत्यक्ष ताब्याची कसोटी पूर्ण झाली होती, असे मात्र मी मानत नाही. ताबा होता, तो स्वतःचा नव्हता. बांगलादेशाचे उदाहरण देऊन विद्यार्थी येथे माझ्याशी वाद घालतात. भारताने ६ डिसेंबर १९७१ रोजी, ढाका पडण्याच्या दहा दिवस आधी, बांगलादेशाला मान्यता दिली होती हे खरे. परंतु तेथे १९७० च्या निवडणुकीत बहुमत मिळवलेले लोकप्रतिनिधी सरकार म्हणून उभे होते, आणि भारतीय सैन्य मार्च १९७२ पर्यंत परतले. हेंग सामरिन यांना कोणी निवडून दिलेले नव्हते, आणि व्हिएतनामी सैन्याच्या परतीची तारीख ठरलेली नव्हती. सप्टेंबर १९७९ ची रिकाम्या खुर्चीची भूमिका कायम ठेवून नॉम पेन्हशी प्रत्यक्ष व्यवहार, मदत आणि प्रतिनिधी-पातळीवरचे संबंध ठेवणे, हा मार्ग दिल्लीला खुला होता. तो सोडला, ही माझ्या मते चूक झाली.

वेळही वाईट निवडली गेली. २३ जून १९८० रोजी व्हिएतनामी तुकड्या थायलंडच्या हद्दीत घुसल्या होत्या, आणि दोनच आठवड्यांनी भारताची घोषणा झाली. आसियानशी नुकतीच सुरू झालेली बोलणी थंडावली आणि भारताला त्या संघटनेचा क्षेत्रीय संवाद-भागीदार व्हायला १९९२ साल उजाडले. तेव्हा पंतप्रधान नरसिंह रावच होते.

निर्णयाची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. मान्यता दिल्यामुळेच दोन सरकारांत रीतसर बोलणी होऊ शकली आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने १९८६ ते १९९३ या काळात अंगकोर वाटच्या जतनाचे काम केले, जेव्हा भोवताली युद्ध चालू होते आणि बहुतेक देश तेथे पाऊल टाकत नव्हते. त्यांच्या रासायनिक स्वच्छतेच्या पद्धतीवर पुढे टीका झाली, ती वेगळी चर्चा आहे. उलट, खुर्ची पोल पॉटकडे राहिल्याने संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना कंबोडियात तातडीची मदत पोहोचवता येत होती, पण विकासाची मदत देता येत नव्हती. पोट भरण्यापुरते धान्य चालेल, दीर्घ मुदतीची उभारणी नाही, अशी रेषा आखली गेली. त्याच वेळी थायलंडच्या सीमेवरील छावण्यांतून जाणारे अन्न ख्मेर रूजच्या सैनिकांच्या पोटातही जात होते. मान्यतेच्या वादाची किंमत कोणी मोजली, हे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी हे दोन तपशील देतो.

खुर्ची रिकामी होते

२२ जून १९८२ रोजी क्वालालंपूरमध्ये कंबोडियाचे माजी राजे सिहानुक, माजी पंतप्रधान सोन सान आणि ख्मेर रूज यांचे संयुक्त सरकार जाहीर झाले. सिहानुक यांच्या प्रतिष्ठेमुळे पोल पॉटचे नाव मागे गेले, पण परराष्ट्र व्यवहार ख्यू सांफान यांच्याकडे राहिले. याच ख्यू सांफान यांना पुढे २०१८ मध्ये नॉम पेन्हच्या विशेष न्यायालयाने नरसंहारासाठी दोषी ठरवले. आमसभेत या संयुक्त सरकारच्या बाजूने १९८२ मध्ये ९० मते पडली.

सप्टेंबर १९८९ मध्ये व्हिएतनामने आपले सैन्य परत नेले. तज्ज्ञांचा अंदाज चुकला आणि नॉम पेन्हचे सरकार कोसळले नाही. दहा वर्षांत त्याने स्वतःचे प्रशासन आणि फौज उभी केली होती. १८०३ ची परीक्षा ते १९८० मध्ये उत्तीर्ण झाले नसते, १९८९ मध्ये झाले, आणि स्वतंत्र ताबा ही एका दिवशी ठरणारी गोष्ट नाही, हे मला या प्रकरणाने शिकवले. जुलै १९९० मध्ये अमेरिकेने ख्मेर रूजचा समावेश असलेल्या संयुक्त सरकारच्या खुर्चीचा पाठिंबा काढून घेतला. सर्व गटांची मिळून एक सर्वोच्च राष्ट्रीय परिषद नेमण्याचे ठरले, पण तिचे प्रतिनिधित्व कोणी करायचे यावर एकमत होईना. त्यामुळे १९९० च्या अधिवेशनात कंबोडियाची खुर्ची रिकामी राहिली. भारताने हीच सूचना मांडली, तेव्हापासून अकरा वर्षे उलटली होती.